दुर्बिणीचे आकडे आणि बाबांचे डोळे

घरात दुर्बीण आहे हे चार लोकांना कळलं की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. "यातून किती लांबचं दिसतं?" मावसभाऊ विचारतो, सोसायटीचा वॉचमन विचारतो, गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्यानेही एकदा विचारलं. मी हल्ली सरळ सांगतो, "तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर." चंद्र तेवढा लांब आहे आणि तो तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो! पण लोकांची तरी काय चूक? आपली दुर्बिणीशी पहिली ओळख महाबळेश्वरच्या नाहीतर माथेरानच्या पॉइंटवर होते. तिथे पैसे दिले की दुर्बीणवाला "तो समोरचा किल्ला बघा, ती गुहा बघा" करत सगळं दाखवतो. त्यात शब्दच फारसी, 'दूर' आणि 'बीन', म्हणजे दूरचं पाहणारी. नावातच 'दूर' आहे म्हटल्यावर किती दूर, असं विचारणारच.

गेल्या महिन्यात नागपूरहून आत्याचा फोन आला. तिच्या भिशीच्या बायका ताडोबाला चालल्या आहेत आणि तिला दुर्बीण घ्यायची आहे. तिचाही पहिला प्रश्न तोच. वीस मिनिटं बोलूनही माझं सांगून संपलं नाही (माझं तसंही कधी संपत नाही, हे आमच्या घरचे सांगतीलच), म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. शिवाय गेल्या हिवाळ्यापासून या विषयावर आमच्या घरी बरंच काही घडलंय, तेही यात येईल.

आधी ते दोन आकडे. दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसेल तो. दुसरा म्हणजे पुढच्या, मोठ्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात गेलेला माणूस पहिल्या आकड्याकडे बघतो आणि मोठा आकडा उचलतो. आठपेक्षा दहा बरी, दहापेक्षा वीस बरी. इथेच घोटाळा आहे, कारण दुर्बीण फक्त पक्ष्याला मोठं करत नाही, तुमच्या हाताच्या थरथरीलाही तेवढंच मोठं करते. दहा पट पक्षी, दहा पट थरथर. वीस पटीच्या दुर्बिणीत तिवईशिवाय पक्षी दिसतो तो बेलपत्रावरच्या थेंबासारखा, आत्ता इथे, आत्ता तिथे.

दुसरं म्हणजे पट वाढली की चित्र अरुंद होतं. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीत हजार मीटरवरची साधारण एकशेतीस मीटर रुंदीची पट्टी दिसते, दहाच्यात शंभर-एकशेदहा. आकड्यात फार वाटत नाही, पण झाडात हळद्या शोधताना जीव जातो. तो त्या फांदीवर आहे हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, दुर्बीण लावली की नुसती पानं, पानं आणि पानं. तोवर तो गेलेला असतो.

आमच्या घरात आज चार दुर्बिणी आहेत. श्रीमंती नाही हो, साठत गेल्या.

पहिली बाबांची. रशियन बनावटीची ७×५०. १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूचा गाजावाजा झाला तेव्हा त्यांनी ती मुंबईहून सेकंडहँड आणली. धूमकेतू त्या वेळी आपल्याकडून काही फार झकास दिसला नाही, पण दुर्बीण राहिली. वजन एक किलोच्या आसपास, चामड्याची पेटी, आणि काचेतून सगळं जग किंचित पिवळसर, चहाच्या पाण्यातून पाहिल्यासारखं. त्या काळच्या बऱ्याच रशियन दुर्बिणींचा हा रंग आहे. मी पहिल्यांदा कृत्तिका पाहिल्या त्या यातून. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात तिथे मूठभर साखर सांडल्यासारखी दिसली होती.

दुसरी माझी ८×४२. तिसरी चुलतभावाने परदेशात जाताना आमच्याकडे ठेवलेली १०×४२, फार सुंदर आणि फार महाग. आणि चौथी काकांनी एका यात्रेतल्या स्टॉलवरून आणलेली झूम दुर्बीण. हिच्यावर आकडे असे काही छापलेत की वेधशाळेने लाजावं. पुढच्या भिंगाचा व्यास १०० लिहिलाय. लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली तर ३५ मिलिमीटर भरला. भिंगावर माणकासारखा लाल मुलामा. तो दिसायला ऐटदार असतो, पण लाल प्रकाश बाहेरच परतवून लावतो, त्यामुळे आतून सगळं हिरवट-निळसर आणि काळपट. काकांना अजून ती फार आवडते, त्यामुळे जास्त लिहीत नाही. काका हे वाचतात.

आता मूळ गोष्ट. जानेवारीत आम्ही सगळे भिगवणला गेलो होतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, उजनी धरणाचं मागचं पाणी. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, पट्टकदंब येतात, चक्रवाक तर खूपच. कुंभारगावचे मच्छीमार होडीतून फिरवतात आणि त्यांना कुठला पक्षी कुठे बसतो ते तोंडपाठ असतं. होडीत आम्ही पाच जण आणि दोन दुर्बिणी. पाण्यात रोवलेल्या एका वाळक्या खांबावर ऑस्प्रे बसला होता, पंजात मासा. लेकीने पाहिला, बायकोने पाहिला, मग बाबांकडे १०×४२ दिली. त्यांनी लावली, फिरवली, म्हणाले, "हो हो, दिसला. वा!" आणि परत दिली.

लेक नऊ वर्षांची आहे. या वयात मुलं पोलिसांसारखी असतात. तिने विचारलं, "आजोबा, मासा कुठल्या पायात होता?"

"उजव्या."

"पण तो तर तुम्ही दुर्बीण लावायच्या आधीच उडाला."

होडीवाला हसला, आम्हीही हसलो आणि विषय पुढे गेला. पण माझ्या डोक्यातून काही गेला नाही. ज्या माणसाने मला सिंहगडच्या पायथ्याला उभं करून "दोन वाजता बघ, फांदीच्या बेचक्यात, मोठ्या पानाच्या खाली" असं घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत पक्षी शोधायला शिकवलं, त्याने न दिसलेला पक्षी दिसला म्हणावं? बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. हाताला थोडी थरथर आहे, डॉक्टरांनी तपासून वयाची आहे म्हणून सांगितलंय. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन २०२२ मध्ये झालं. डाव्याचं "बघू पुढे" म्हणून राहिलंय.

भिगवणहून आल्यावरच्या रविवारी चारही दुर्बिणी गच्चीवर नेल्या. बाबांना सांगितलं की आत्याला कुठली सुचवायची ते ठरवायचंय, तुम्ही परीक्षक. (आत्याचा फोन तेव्हा यायचा होता. पण ती कधी ना कधी विचारणारच, ही खात्री होती.) समोर, अंदाजे दोनशे मीटरवर औषधांच्या दुकानाची पाटी आहे, पलीकडे उंबराचं झाड, त्याच्या शेंड्यावर बहुतेक सकाळी तांबट टुक्‌टुक् करत असतो. आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर निळी ताडपत्री. परीक्षेचं साहित्य एवढंच.

१०×४२ मधून मला पाटीवरचा सगळ्यात बारीक ओळीतला फोन नंबर वाचता आला. ८×४२ मधून शेवटचे दोन आकडे चाचपडत. म्हणजे कागदावर दहा जिंकली. बाबांना मात्र दहातून दुकानाचं नावही धड लागेना, आठातून लागलं. सातातून तर सहज. तीच पाटी, तेच ऊन. त्यांच्या हाताचा हिशोब घातला की क्रम उलटा होतो. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवल्यावर दहातूनही लागलं, पण जंगलात आणि होडीत कठडा कुठून आणणार? मग त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. हातातली काठी समोर उभी धरली, तिच्या मुठीवर दुर्बीण टेकवली. आठ पटीचं चित्र एकदम थांबलं. ही युक्ती तरुणांनीही करायला हरकत नाही, ट्रेकची काठी असतेच हातात.

मग चष्मा. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं, याचाही एक आकडा असतो. चष्मेवाल्यांना तो पंधरा-सोळा मिलिमीटरच्या वर लागतो, नाहीतर मधलं तेवढं दिसतं आणि कडा गायब. डोळ्याकडची रबरी वाटी चष्मा लावणाऱ्याने खाली करून ठेवायची असते. जुन्या रशियन दुर्बिणीत हे अंतर कमीच, त्यामुळे बाबा चष्मा कपाळावर चढवून पाहतात. लांबचा किंवा जवळचा साधा नंबर असेल तर ते चालतं, दुर्बिणीचं चाक फिरवून तो भरून निघतो. सिलिंडरचा नंबर असेल तर मात्र चाक काही करू शकत नाही, चष्मा लावावाच लागतो.

आता संध्याकाळची परीक्षा, म्हणजे उजेडाची. इथे मला एक जुना हिशोब नव्याने कळला. दुर्बीण हातभर लांब धरून तिच्या डोळ्याकडच्या भिंगात पाहा, एक पांढरा गोल ठिपका दिसतो. डोळ्यात जाणारा सगळा प्रकाश त्या ठिपक्यातून जातो. त्याचा व्यास म्हणजे दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. ७×५० चा सात मिलिमीटर, ८×४२ चा सव्वापाच, १०×४२ चा चार दशांश दोन. ठिपका जितका मोठा तितकं संधिप्रकाशात उजळ दिसणार. पण डोळ्याच्या बाहुलीत तो मावला तर! तरुण माणसाची बाहुली अंधारात सातपर्यंत उघडते. सत्तरीनंतर बहुतेकांची चार-पाचवर थांबते. म्हणजे १९८६ मध्ये सदतीस-अडतीस वर्षांच्या बाबांनी जो किलोभर काचेचा ऐवज आणला, त्यातला बराच प्रकाश आता त्यांच्या बाहुलीच्या बाहेरच पडतो. दुर्बीण तेवढाच देते, डोळा तेवढा घेत नाही. आणि वजन मात्र पूर्ण उचलावं लागतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पेन्शनीसारखंच की. खर्च तोच, हातात येतं कमी." असो.

एवढं सगळं असूनही बाबा परत परत रशियनच उचलत होते. हात भरून यायचे, खाली ठेवायचे, परत उचलायचे. मला वाटलं जुनी सवय, जुनं प्रेम. कारण वेगळंच निघालं.

दुर्बिणीच्या उजव्या नळीवर बहुधा एक वेगळं कडं असतं. आपले दोन डोळे सारखे नसतात, म्हणून आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्यासाठी चित्र स्पष्ट करायचं, मग डावा मिटून त्या कड्याने उजव्यासाठी. एकदा केलं की त्या माणसापुरतं काम झालं. बहुतेक लोक हे कधीच करत नाहीत आणि दुर्बीण डोकं दुखवते म्हणतात. मी बाबांसाठी ८×४२ चं कडं लावायला बसलो. त्यांनी उजवा डोळा मिटला, डाव्याने ताडपत्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तुझ्या दुर्बिणीला बुरशी आलीय. या बाजूला सगळं धुरकट आहे."

बुरशी ही आपल्याकडे अगदी शक्य गोष्ट आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या दमट हवेत भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी ती पसरते आणि काचेवरचा मुलामा खाऊन टाकते, मग साफ करूनही डाग राहतो. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. चामड्याची पेटी पावसाळ्यात सगळ्यात वाईट, ती ओल धरून ठेवते. हवाबंद डबा घ्यायचा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. निळे दाणे असतील तर ओल प्यायले की गुलाबी होतात, ते कढईत मंद आचेवर कोरडे केले की पुन्हा निळे. (खाण्याची कढई नव्हे!) आत नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणींना ही भीती खूप कमी असते. माझी तशी आहे.

म्हणून मी उजेडाकडे धरून पाहिलं. काच स्वच्छ होती. मग दुर्बीण उलटी केली, म्हणजे वरची बाजू खाली. अशी धरली की डावी नळी उजव्या डोळ्यावर येते आणि उजवी डाव्यावर. दिसायला विनोदी दिसतं, पण चालतं. बाबांना म्हटलं, आता बघा. धूर काचेत असता तर तो उजव्या डोळ्यावर गेला असता. तो डाव्यावरच राहिला.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग एकदा हा डोळा, एकदा तो, असं मिटून ताडपत्रीकडे पाहत राहिले. "उजव्याने निळी दिसते. डाव्याने मळकट, शेवाळ्यासारखी. मला वाटायचं दुर्बिणी जुन्या झाल्या."

मोतीबिंदू नुसता धूसरपणा आणत नाही, तो नजरेला पिवळसर-तपकिरी करतो, आणि इतक्या हळूहळू की माणसाला कळत नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात नवं स्वच्छ भिंग असल्याने निळा रंग पुन्हा निळा दिसतो. माझ्या आणि भावाच्या स्वच्छ दुर्बिणींमधून बाबांना एका डोळ्यात एक जग आणि दुसऱ्यात दुसरं दिसत होतं, आणि मेंदू त्यांची सांगड घालताना दमत होता. रशियन दुर्बीण मुळातच सगळं पिवळं करते. तिच्यातून दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखंच दिसत होतं. म्हणून ती बरी वाटत होती.

खाली उतरताना मी भिगवणचं विचारलं. म्हणाले, "होडीत पाच माणसं. पोरगी वाट बघतेय कधी दुर्बीण परत मिळतेय. माझ्यासाठी सगळ्यांना कशाला थांबवून ठेवायचं? दिसला म्हटलं की पुढे सरकतं." हे ते वर्षभर तरी करत असणार. आमच्या घरात आपल्यामुळे कोणी खोळंबू नये याला फार महत्त्व आहे, त्याचं हे टोक.

आता आत्या, तुझ्यासाठी. जिप्सीत बसून बघायचं, रस्ता खाचखळग्यांचा, सकाळी लवकर निघायचं, तू चष्मा लावतेस आणि तुझी मान दुखते. तू ८×३२ घे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं, ठिपका बरोबर चार मिलिमीटरचा, जो तुझ्या-माझ्या बाहुलीला पहाटेही बहुतेक पुरेल. ८×४२ मध्ये डोळा नेमका जागेवर बसवणं थोडं सोपं जातं, हेही खरं, हलत्या गाडीत ते जाणवतं. पण गळ्यात दोन-अडीचशे ग्रॅम जास्त, दोन्ही लावून पाहा. १०×२५ ची खिशात मावणारी घेऊ नको, ठिपका अडीच मिलिमीटरचा आणि हात हलला की चित्र काळं. पैसे कमी घालायचे असतील तर जुन्या धाटणीची, खांदे पुढे आलेली घे. त्या रचनेला पोरो म्हणतात, इग्नात्सिओ पोरो नावाच्या इटालियन माणसाने १८५४ साली तिचं पेटंट घेतलं. ती बनवायला सोपी पडते, म्हणून दहा हजारांच्या आतही चांगली काच मिळते. सरळ नळ्यांची तेवढ्याच किमतीला तितकी चांगली मिळत नाही. दुकानात जाताना चष्मा लावून जा, आणि पांढरा ठिपका पूर्ण गोल आहे ना ते बघ. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतले प्रिझम हलक्या काचेचे आहेत. आणि झूम असेल तर ठेवून दे. काका, सॉरी.

बाबांना मीही ८×३२ च आणली. पट्टा गळ्यात नाही, दोन्ही खांद्यांवरून पाठीवर जाणारा, त्यामुळे मानेवर भार येत नाही. मार्चमध्ये कवडीला नेलं होतं, मुळा-मुठेच्या काठी. नदीचा वास आणि फेस यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. शेकाट्यांचा थवा होता, पलीकडच्या तारेवर नीलपंख. बाबांनी काठीवर दुर्बीण टेकवली, बराच वेळ शोधलं आणि म्हणाले, "नाही दिसत." लेकीने लगेच सांगितलं, "अकरा वाजता, खांबापासून दुसरी तार." आम्ही थांबलो. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग त्यांनी डावा डोळा मिटला आणि म्हणाले, "हां. आता उडाला. पंख निळे."

डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू 'पिकायची' वाट हल्ली कोणी पाहत नाही, कामात अडथळा येऊ लागला की काढायचा. काम काय करता, विचारल्यावर बाबांनी "पक्षी बघतो" सांगितलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. घरात सगळे जण दुर्बिणीची कडी फिरवतात म्हणून लेकीने आजोबांच्या कड्यावर त्यांच्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवलाय. ऑपरेशननंतर तो पुसून नवा लावावा लागेल, हे तिला सांगून झालंय. बाटली तिने दुर्बिणीच्या डब्यातच ठेवलीय, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी.